उंच केलेली जीप आणि तिच्या कमानी

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व भागांत आमगांव आणि सालेकसा या तालुक्यांचा मुलूख एकमेकांस लागून आहे. सखल भागांत धानाच्या बांध्या, त्यांच्या मधून गेलेले पांदणरस्ते, आणि दरेकसाच्या दिशेस हळूहळू चढत गेलेली जंगलाची डोंगराळ जमीन, असें या प्रदेशाचें स्वरूप आहे. वर्षाकाठीं हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत पांदणींतून बैलबंड्या आणि ट्रॅक्टर यांची ये-जा होऊन दोहों बाजूंस खोल चाकोऱ्या पडतात, व मधला मातीचा वरंबा तेवढा उंच राहतो. साधी मोटार अशा वाटेस लागली, कीं तिचें पोट वरंब्यावर टेंकतें, चाकें चिखलांत नुसतीं फिरूं लागतात, आणि अखेर ट्रॅक्टर आणून तिला ओढून काढावें लागतें.

अशा मुलखांत जीपगाडी बाळगणाऱ्या मनुष्यास ती जमिनीपासून चार बोटें अधिक उंच असावी असें वाटणें अगदीं साहजिक आहे. हें काम फारसें अवघडहि नाहीं. कमानींत एखादा पाटा वाढविला, लांब कड्या घातल्या, मोठे टायर चढविले, कीं गाडी उंच झाली. परंतु तीच गाडी चिखलांतून निघून गोंदियाच्या किंवा देवरीच्या महामार्गास लागते, तेव्हां निराळाच अनुभव येतो. सरळ रस्त्यावर ती एका रेषेंत राहत नाहीं. खड्डा आला कीं स्टीअरिंगचें चाक हातांतल्या हातांत आपोआप वळतें. वळणावर ती कलूं लागली म्हणजे कोठें थांबेल याचा भरवसा वाटत नाहीं. चिखलांत रुतून बसण्याचें संकट टळलें, पण त्याच्या जागीं रस्त्यावर उलटून पडण्याचें संकट उभें राहिलें. गाडींत धानाचीं पोतीं असोत, शाळेचीं मुलें असोत, वा दवाखान्यांत न्यावयाची बाळंतीण असो, हा व्यवहार लाभाचा खास नव्हे. उंची तर मिळावी आणि गाडी हातांतून सुटूं नये, हें कसें साधावें, हा प्रस्तुत विचाराचा विषय आहे.

या प्रश्नाचें मूळ समजण्यास आधीं बैलबंडीकडे पाहणें बरें. तिचीं चाकें मोठ्या व्यासाचीं, त्यामुळें कणा जमिनीपासून उंच, आणि म्हणून चाकोरींतून ती सहज निघते. तिला कमानी नाहींत, तरी तिचें कांहीं अडत नाहीं. कारण तिचा वेग माणसाच्या चालीइतकाच. चाक दगडावर चढलें तर बंडीची ती बाजू वर जाते व पुनः खालीं येते. मधल्या अवधींत बैलांनीं एखाददुसरें पाऊल टाकलेलें असतें, एवढेंच. वेग वाढला म्हणजे मात्र हिशेब बदलतो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर अंतर तोडते. तेवढ्या अंतरांत चाकाखालीं येणारा प्रत्येक उंचसखलपणा वरच्या धडापर्यंत पोंचूं नये, आणि चाकानें जमीन मात्र क्षणभरहि सोडूं नये, अशी दुहेरी कामगिरी कमानीकडे येते. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां अधिक महत्त्वाची आहे. बसणाऱ्यास धक्का बसला तर पाठ दुखेल. पण चाकानें जमीन सोडली, तर त्या क्षणापुरतें तें वळवितांहि येत नाहीं आणि थांबवितांहि येत नाहीं.

पोलादी पाट्यांची कमान ही मोटारीहून वयानें वडील आहे. इंग्लंडांत ओबाडाया इलियट नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें १८०४ सालीं घोडागाडीसाठीं लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें. पुढें टांगा आणि व्हिक्टोरिया यांच्याखालीं तीच आली, रेल्वेच्या जुन्या मालडब्यांच्या चाकांवर तीच दिसे, आणि मोटार निघाली तेव्हां तीच उचलून मोटारीखालीं बसविण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून अमेरिकेंत प्रचंड संख्येनें बांधल्या गेलेल्या विलीज जीपच्या चारी चाकांवर पाट्यांच्याच कमानी होत्या. हिंदुस्थानांत महिंद्र बंधूंच्या कंपनीनें १९४७ सालीं या जीपचा व्यवहार हातीं घेतला, व १९४९ पासून मुंबईंत माझगांव येथें तिची जुळणी होऊं लागली. त्या घराण्यांतील एम्. एम्. ५४० सारख्या गाड्या पुढें कित्येक वर्षें दोन्ही ॲक्सलांवर पाटेच वापरीत. २००० सालची बोलेरो आणि २०१० सालची थार यांच्या पुढच्या बाजूस निराळी योजना आली, तरी मागचा ॲक्सल पाट्यांवरच राहिला. २०२० सालच्या नव्या थारमध्यें मात्र मागेंहि गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. मालमोटारींत तर पाट्यांचें राज्य अद्यापि चालूच आहे.

पाट्यांना एवढें दीर्घायुष्य लाभण्याचें कारण त्यांच्या साधेपणांत आहे. गुंडाळीची स्प्रिंग केवळ भार झेलते. ॲक्सलला जागेवर धरण्यास निराळे दांडे लागतात. पाट्यांची कमान एकटीच पांच कामें करते. ती भार उचलते. ॲक्सलला पुढेंमागें सरकूं देत नाहीं. त्याला आडवा हलूं देत नाहीं. गाडी जोरानें निघतांना किंवा ब्रेक लावतांना ॲक्सल स्वतःभोंवतीं फिरूं पाहतो, तो पीळ ती सोसते. आणि पाट्यांच्या परस्परांवरील घर्षणानें डोलणेंहि थोडेंबहुत शमविते. तिची रचना सर्वांच्या पाहण्यांतली आहे. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याचीं दोन्ही टोंकें वळवून केलेले डोळे. एक डोळा सांगाड्यास खिळीनें पक्का जोडलेला, आणि दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या कडीस अडकविलेला. मुख्य पाट्यास लागून उत्तरोत्तर आंखूड होत गेलेले पाटे असतात, आणि सारा जुडगा यू-बोल्टांनीं ॲक्सलवर आवळलेला असतो. भार पडला म्हणजे कमान सपाट होते व तिची लांबी वाढते. ती वाढ शॅकल झुलून सामावून घेतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. पांच कामें करणाऱ्या गड्यास एका कामासाठीं जागचा हलविला, म्हणजे उरलेलीं चारहि कामें विस्कटतात. उंच केलेल्या जीपच्या बहुतेक साऱ्या तक्रारी या एका वाक्यांत आल्या.

प्रथम ताठपणाचा विचार करूं गेल्यास, पाट्याचा ताठपणा त्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणांत आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, व लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. ८ मिलिमीटर जाडीचा एक पाटा हा ४ मिलिमीटर जाडीच्या दोन पाट्यांच्या बरोबरीचा असें नजरेला वाटतें. प्रत्यक्षांत तो त्या दोघांच्या मिळून चौपट ताठ असतो. उलट, कमानीची लांबी सव्वापट केली, तर ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून एखाद्या जड गाडीचा मोडीत निघालेला जाड पाटा आणून जीपच्या कमानींत खुपसणें हा उंचीचा सर्वांत स्वस्त, पण सर्वांत महाग पडणारा उपाय होय. गाडी वर उचलली जाते खरी. परंतु कमान दबावयाचीच थांबते. मग खड्ड्यांत चाक खालीं उतरत नाहीं, उंचवट्यावर तें उडतें, आणि जेथें चार चाकांनीं जमीन धरावयाची, तेथें तीनच चाकें ती धरून राहतात.

कमान योग्य तितकी मऊ आहे कीं नाहीं, हें घरच्या घरीं अजमावण्याची एक सोपी रीत आहे. कमान मोकळी असतां आणि गाडीचा नेहमींचा भार घेतल्यावर ती किती सेंटिमीटर दबते तें मोजावें. त्या संख्येचें वर्गमूळ काढावें. आणि ५ ला त्यानें भागावें. येणारी संख्या म्हणजे गाडी एका सेकंदांत किती वेळां वरखालीं डोलेल, तिचें स्थूल मान. १६ सेंटिमीटर दबणारी कमान सेकंदास सव्वा वेळ डोलते. हें डोलणें माणसाच्या अंगास मानवतें. ४ सेंटिमीटरच दबणारी कमान अडीच वेळां डोलते. रिकाम्या मालमोटारींत बसून जो अनुभव येतो, तो हाच. ज्याला उंची हवी आहे त्यानें जाड पाटे थोडे घेण्याऐवजीं पातळ पाटे अधिक घ्यावे, आणि सांगाड्यास साधेल तेवढी लांब कमान बसवावी, असा या गणिताचा इत्यर्थ आहे.

ताठपणाचा दुसरा उगम घर्षणांत असतो, व तो फुकट दूर करतां येतो. चिखलाच्या मुलखांत पाट्यांच्या फटींत माती आणि पाणी शिरतें, गंज चढतो, आणि निरनिराळे पाटे एका ठोकळ्याप्रमाणें वागूं लागतात. लहान खड्ड्यावर अशी कमान हलतच नाहीं. मोठ्या खड्ड्यावर ती एकदम सुटते. पावसाळा संपला म्हणजे कमान उतरवून पाटे सुटे करावे, गंज खरवडावा, आंखूड पाट्यांच्या टोंकांची धार घासून गोल करावी, ग्रॅफाइट मिसळलेलें ग्रीस लावावें किंवा टोंकांखालीं घसरत्या द्रव्याच्या चकत्या बसवाव्या, आणि झिजलेले बुश बदलावे. मध्याकडे जाड व टोंकांकडे निमुळता होत जाणारा जो पॅराबोलिक पाटा अलीकडील गाड्यांत येतो, त्यांत हे पाटे एकमेकांस केवळ मध्यावर आणि टोंकांशीं लागतात. म्हणून घर्षण पुष्कळच कमी होतें.

आतां उंची मिळविण्याचे मार्ग पाहूं गेल्यास ते मुख्यत्वें चार आहेत. पहिला मार्ग, अधिक बांक दिलेल्या नव्या कमानी बसविण्याचा. दुसरा, कमान आणि ॲक्सल यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालण्याचा. तिसरा, शॅकलची कडी लांब करण्याचा. यांत कडी जितकी वाढवावी त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण कमानीचें एकच टोंक खालीं जातें व ॲक्सल मध्यावर असतो. चौथा मार्ग कमान ॲक्सलच्या वर नेण्याचा. मूळ विलीज जीपमध्यें कमान ॲक्सलच्या खालून जाते. ती वर घेतली, म्हणजे ॲक्सलच्या नळीची आणि कमानीची जाडी मिळून होईल तितकी, साधारणतः पांच इंच, उंची एकदम मिळते, आणि जुन्याच मऊ कमानी कामास येतात. मात्र यासाठीं ॲक्सलवर कमानीच्या बैठकी नव्यानें, योग्य कोनांत, वितळजोड करून बसवाव्या लागतात. तें काम कच्चें झाल्यास ॲक्सलच सुटण्याचा धोका असतो.

या चारांपैकीं ठोकळ्याचा मार्ग पुढच्या ॲक्सलवर सर्वथा वर्ज्य समजावा. ब्रेक लावतांना सर्वांत मोठा पीळ पुढच्याच ॲक्सलवर येतो, आणि ठोकळा म्हणजे त्या पिळाच्या हातीं दिलेली पहार होय. मागच्या बाजूसहि उंच ठोकळा घातला असतां तोच प्रकार सौम्य रूपानें होतो. चढावर जोर दिला कीं ॲक्सल फिरूं पाहतो, कमान नागमोडी वांकते, मग एकाएकीं सरळ होते, पुनः वांकते. आणि मागचीं चाकें जमिनीवर नाचूं लागतात. यास उपाय दोन. ठोकळा काढून टाकून उंची कमानींतूनच घ्यावी, हा पहिला. आणि ॲक्सलपासून सांगाड्यापर्यंत पीळ धरणारा एक स्वतंत्र दांडा, कमानीच्या हालचालीस आडवा न येईल अशा झुलत्या कडीनें जोडावा, हा दुसरा.

कडी लांब करण्याच्या मार्गांत एक गुप्त दोष आहे, आणि गाडी सरळ न चालण्याचें मूळ पुष्कळ वेळां तेथें सांपडतें. सायकलीचा पुढचा चिमटा मागें कललेला असतो. त्यामुळें हात सोडले तरी तिचें पुढचें चाक सरळ राहूं पाहतें. मोटारीच्या पुढच्या चाकाची धुरीहि अशीच किंचित् मागें कललेली ठेवतात. या कलण्यास मोटारवाले कॅस्टर म्हणतात. जुन्या जीपमध्यें तो सुमारें ३ अंश असे. आतां त्या जीपचा पुढचा शॅकल कमानीच्या पुढच्या टोंकाशीं असतो. कडी लांब केली कीं कमानीचें पुढचें टोंक खालीं जातें, ॲक्सल पुढें झुकतो, आणि कॅस्टर तेवढा घटतो. कमान ३६ इंच लांब धरल्यास दर इंचास हा घट दीड अंशाहून थोडा अधिक भरतो. म्हणजे कडी दोन इंच वाढवून जेमतेम एक इंच उंची मिळाली, आणि कॅस्टर मात्र सारा संपला! अशी गाडी रस्त्यावर भरकटूं लागते आणि एखाद्या वेगास पुढचीं चाकें थरथर कांपूं लागतात. कमान व ॲक्सल यांच्यामध्यें पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी घालून हा कोन परत आणतां येतो. तथापि ॲक्सल मागें कलविला म्हणजे त्यांतून निघणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचें तोंड खालीं वळतें व त्याच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून ही दुरुस्ती दोन-तीन अंशांपलीकडे नेणें इष्ट नव्हे.

खड्ड्यांत स्टीअरिंग आपोआप वळण्याचें कारण निराळें आहे. स्टीअरिंगची पेटी सांगाड्यावर असते आणि चाकें ॲक्सलवर. दोहोंस जोडणारा दांडा मूळ गाडींत जवळजवळ आडवा असतो. आडवा दांडा थोडा वरखालीं झाला तरी त्याच्या टोंकाचें अंतर फारसें बदलत नाहीं. गाडी उंच केली म्हणजे दांडा तिरपा होतो. मग कमान दबली कीं तो चाकांस ढकलतो, आणि कमान उघडली कीं ओढतो. चालकानें कांहीं न करतां चाकें वळतात. पेटीखालचा हात अधिक खोल घेऊन किंवा दांड्याचें दुसरें टोंक चाकाकडील बाजूस उंच नेऊन दांडा पुनः शक्य तितका आडवा करणें, हाच यावर खरा उपाय होय. स्टीअरिंगवर निराळा डॅम्पर बसविल्यानें दोष झांकतो, जात नाहीं.

फार बांक दिलेल्या कमानीचा आणखी एक दोष वळणावर प्रगट होतो. गाडी वळतांना धड बाहेरच्या अंगास कलतें. बाहेरची कमान दबून सपाट व लांब होते, आणि आंतली उघडून आंखूड होते. मागच्या कमानींचे पक्के डोळे पुढच्या टोंकाशीं असल्यामुळें ॲक्सलची बाहेरची बाजू मागें सरकते व आंतली पुढें येते. परिणामीं मागचा ॲक्सलच थोडासा वळतो, आणि तो अशा दिशेनें, कीं गाडीची शेपटी वळणाच्या बाहेर जावी. चालकानें मागितलें त्याहून अधिक गाडी वळते. सपाट बसणाऱ्या कमानींत हा दोष फार थोडा असतो. म्हणूनच जाणते कारागीर बांकापेक्षां कमानीची जागा बदलून उंची मिळविणें पसंत करतात.

शॉक ॲब्सॉर्बर, ज्यांना कारखान्यांतील मंडळी शॉकअप म्हणतात, त्यांचें काम भार उचलणें नव्हे, तर डोलणें शमविणें हें आहे. गाडी उंच करून जुनेच शॉकअप ठेवले, तर चाक खालीं लोंबतांना ते कमानीच्या आधीं ताणून संपतात आणि त्यांच्या खिळी तुटतात. तसेंच नको तितके लांब घेतले, तर कमान दबतांना ते तळाशीं आपटून फुटतात. ॲक्सलची एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खालीं करून मोजमाप घ्यावें, आणि मगच लांबी ठरवावी. ते बसविण्याचा कोनहि महत्त्वाचा आहे. उभ्या शॉकअपची शक्ति पूर्ण धरली, तर ३० अंश तिरपा असलेला तिच्या पाऊण, आणि ४५ अंश तिरपा असलेला केवळ निम्माच उपयोगी पडतो. कमान पुरती दबली असतां धातूवर धातु आपटूं नये म्हणून जे रबरी ठोकळे असतात, ते उंची वाढल्याच्या प्रमाणांत खालीं आणावे. आणि ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण लोंबलें असतांहि ताणल्या जाणार नाहींत इतक्या लांब असाव्या. ही शेवटची गोष्ट विसरल्यास काय होईल, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

सर्व जोडण्या निर्दोष झाल्या तरी एक गोष्ट कोणत्याहि कारागिरास बदलतां येत नाहीं, ती म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. जुन्या जीपच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर सुमारें ४८ इंच, म्हणजे निम्में २४ इंच. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. तर या दोहोंचें प्रमाण १ येतें. गाडी तीन इंच उंचावून गुरुत्वमध्यहि तितकाच वर गेला, तर तें ०·८९ होतें. सहा इंचांनीं ०·८० वर येतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकडहि ०·७ ते ०·८ च्या घरांत असते. प्रमाण पकडीहून बरेंच मोठें असेल तोंवर वेगानें वळलेली गाडी घसरते. दोन्ही जवळ आलीं म्हणजे ती घसरण्याऐवजीं उलटते. शिवाय हा हिशेब कमानी ताठ धरून केलेला आहे. प्रत्यक्षांत गाडी कलल्यामुळें गुरुत्वमध्य बाहेर सरकतो, आणि उलटण्याची वेळ त्याहूनहि आधीं येते. टपावर पोतीं लादलीं तर विचारावयासच नको. तीन इंचांची भरपाई करावयाची, तर चाकांतील अंतर सहा इंच वाढवावें लागेल. आणि तें केवळ चकत्या घालून वाढविल्यास चाकाच्या बेअरिंगवर अधिक ताण पडतो.

टायरविषयींहि दोन शब्द आवश्यक आहेत. ॲक्सलच्या मध्याशीं जो गोळा असतो, त्याच्याखालची मोकळी जागा कमानी कितीहि उंच केल्या तरी वाढत नाहीं. ती फक्त मोठ्या टायरनेंच वाढते. बैलबंडीनें जें साधलें आहे तें हेंच. तथापि मोठें चाक जड असतें, आणि जड चाकास जमिनीवर दाबून ठेवणें कमानीला अवघड जातें. ब्रेकवरहि अधिक काम पडतें. २९ इंचांऐवजीं ३१ इंचांचे टायर घातल्यास गाडीचा खरा वेग वेगमापकावरील आंकड्याहून सुमारें ७ टक्क्यांनीं अधिक असतो, हेंहि लक्षांत ठेवावें. कित्येक वेळां उंची वाढविण्यापूर्वीं चिखलांत टायरची हवा थोडी कमी करून पाहिली, तर कामापुरती पकड तेवढ्यानेंच मिळते. मात्र महामार्गावर येण्यापूर्वीं ती पुनः पूर्ण भरली पाहिजे.

यावरून ज्याची गाडी आधींच उंच झालेली आहे त्यानें कोणत्या क्रमानें चालावें, तें उघड होतें. प्रथम झीज पाहावी: किंगपिना, बुश, सांध्यांचे गोळे आणि चाकांचीं बेअरिंगें यांत ढिलाई असेल, तर पुढील सारी मेहनत व्यर्थ होय. दुसरें, कमानी साफ करून त्यांतील उपरा जाड पाटा काढून टाकावा, आणि यू-बोल्ट नवे घालून थोडें अंतर चालविल्यावर पुनः आवळावे. तिसरें, कॅस्टर मोजून दुरुस्त करावा. चौथें, स्टीअरिंगचा दांडा आडवा आणावा. पांचवें, शॉकअप योग्य लांबीचे व शक्य तितके उभे बसवावे. एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि प्रत्येक फेरफारानंतर मोकळ्या मैदानांत, कमी वेगानें, माणसें न बसवितां गाडी चालवून पाहावी. म्हणजे कोणत्या उपायानें काय साधलें तें कळतें. पांच फेरफार एकदम केल्यास गाडी सुधारली तरी कारण कळत नाहीं, आणि बिघडली तरी कळत नाहीं.

या सर्वांच्या आधीं कायद्याची बाजू पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल, असा बदल गाडीच्या मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. तेव्हां कारखान्याची वाट धरण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें, आणि विमा कंपनीस लेखी विचारणें, हें शहाणपणाचें होय. अपघातानंतर हा प्रश्न निघाला, तर त्याचें उत्तर बहुधा मालकाच्या विरुद्ध जातें.

खरें पाहतां पांदणींतून जाण्यास किती उंची लागते, हें वरंबा मोजूनच ठरविलें पाहिजे. तो जर दोन इंचांनीं आड येत असेल, तर अडीच इंचांची सोय पुरे. सहा इंचांची हौस ही वरंब्यासाठीं नसून पाहणाऱ्यांसाठीं असते. आमगांवच्या बांध्यांतून धान आणणारी गाडी ही वर्षांतील थोडेच दिवस चिखलांत, आणि उरलेले सर्व दिवस डांबरी रस्त्यावर चालते. तिच्या कमानींचा विचार करतांना त्या उरलेल्या दिवसांचा हिशेब ज्यानें आधीं मांडला, त्याची गाडी चिखलांतूनहि निघेल आणि माणसांना सुखरूप घरींहि पोंचवील.